व्हिडिओ खेळांचा रसिक : डावपेचापासून प्रतिनिधित्वापर्यंत

मराठी माणूस चेन्नईच्या अड्यार भागात राहावयास आला, की थोड्याच दिवसांत एका शब्दाने चकित होतो. एखाद्या नटाचा नवा चित्रपट लागला म्हणजे भिंतींवर भित्तिपत्रके झळकतात, आणि पत्रकाच्या तळाशी ते लावणाऱ्या मंडळाचे नाव असते. त्या नावाअखेर 'रसिगर मन्रम्' असे दोन शब्द येतात. 'मन्रम्' म्हणजे सभा किंवा मंडळ. आणि 'रसिगर' हा आपलाच 'रसिक'. मराठीत हा शब्द आपण फार जपून वापरतो. गाण्याच्या बैठकीत समेला अचूक मान हलविणारा, कवितेतील शब्दाचे वजन ओळखणारा, तो रसिक. नटाच्या छबीला हार घालणारा, तो चाहता. तमिळ भाषेने ही दोन्ही माणसे एकाच नावाखाली आणली. संस्कृत काव्यशास्त्रातून निघालेला एक शब्द दोन भाषांत असा दोन वाटांनी गेला, यात समीक्षकाला विचार करण्याजोगे पुष्कळ आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय चित्रपटाचा रसिक हा नाही. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जन्माला आलेल्या आणि आज घरोघरी पोहोचलेल्या व्हिडिओ खेळांचा जो चाहता, त्याचा येथे विचार करावयाचा आहे. हा विषय वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेत बसतो काय, अशी शंका कोणी घेईल. तिला पहिले उत्तर असे, की या खेळांत आज कथा आहे, पात्रे आहेत, संवाद आहेत, आणि मुलांच्या मनावर कथेचा जो पहिला संस्कार होतो तो अनेक घरांत आता याच मार्गाने होतो. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. चाहता आणि रसिक हा आपला भेद या क्षेत्रात टिकत नाही. न समजलेल्या कवितेचेही पान उलटता येते. न समजलेल्या नाटकाचाही पडदा ठरल्या वेळी पडतो. व्हिडिओ खेळाचे तसे नाही. त्याचे नियम ज्याला उमगले नाहीत, त्याला दुसरे दालन उघडतच नाही. म्हणून येथील चाहत्याला काही एका मर्यादेपर्यंत जाणकार व्हावेच लागते. जाणकारी ही या आस्वादाची पूर्वअट आहे.

न. चिं. केळकर यांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्यसंमेलनात 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली, हे मराठी वाचकांस स्मरत असेलच. वाचक आपले स्वत्व न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो आणि या दुहेरी अवस्थेतून वाङ्मयानंद उपजतो, असा तिचा आशय. व्हिडिओ खेळ ही समाधी हातापर्यंत आणतो. खेळणारा दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो आणि तेथे राहून निर्णय घेतो. निर्णय चुकला तर त्याचे फळ भोगतो, आणि आपण खेळतो आहोत ही जाणीवही त्याला सुटत नाही. अशा माध्यमात एखाद्या समाजाचे चित्रण झाले म्हणजे नेमके काय झाले, हा प्रश्न वाचनाच्या सवयीने सुटणारा नाही.

प्रथम खेळाचे दोन घटक वेगळे करून पाहू. एक प्रतिमा : सोंगटीचे रूप, पात्राचा वेष, पार्श्वभूमीचे देऊळ किंवा किल्ला. दुसरा नियम : काय करता येते, काय येत नाही, कशाने जिंकतो, कशाने हरतो. डावपेच आवडणारा खेळाडू नियमाकडे पाहतो आणि वेषाकडे दुर्लक्ष करतो. आपले प्रतिबिंब शोधणारा प्रेक्षक वेषाकडे पाहतो आणि नियमाकडे त्याचे लक्ष नसते. या दोघांचे भांडण आज या क्षेत्रात सर्वत्र ऐकू येते. ते भांडण मुळातच अपुऱ्या दृष्टीचे आहे, असे माझे प्रतिपादन आहे. खेळातील खरे प्रतिनिधित्व नियमात असते, आणि म्हणून ते ओळखण्याचे सामर्थ्य डावपेच जाणणाऱ्या रसिकाजवळच अधिक असते.

याची दोन जुनी उदाहरणे आपल्या परिचयाची आहेत. पहिले बुद्धिबळाचे. राजाशेजारी उभी राहणारी सोंगटी पूर्वेकडे मंत्री किंवा वजीर होती आणि तिची चाल तिरपे एक घर एवढीच होती. युरोपात तिला इसवी सनाच्या १००० च्या सुमारास राणी हे नाव मिळालेले दिसते. पण आजचे अमर्याद बळ तिला पंधराव्या शतकाच्या अखेरीस लाभले. म्हणजे वेष आधी बदलला, नियम त्यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी. मराठी पटावर तर नाव वजिराचेच राहिले आणि चाल मात्र युरोपच्या राणीची आली. येथे प्रतिमा आणि नियम यांची गाठ इतकी सैल आहे, की सोंगटीला वाटेल तो पोशाख चढविता येतो. २०२२ साली चेन्नईजवळ मामल्लपुरम येथे बुद्धिबळाचे ऑलिंपियाड झाले, तेव्हा त्याचे बोधचिन्ह म्हणून तमिळ पद्धतीची वेष्टी नेसलेला, हात जोडून उभा असलेला एक घोडा निवडला होता; नाव 'तंबी', म्हणजे धाकटा भाऊ. तो घोडा सर्वांना आवडला. त्याच्या वेष्टीमुळे अडीच घरांच्या चालीत मात्र काही फरक पडला नाही.

दुसरे उदाहरण मोक्षपटाचे. परंपरा या खेळाचे कर्तृत्व ज्ञानदेवांकडे देते. त्यात शिडी ही सद्गुणाची, साप हा दुर्गुणाचा, आणि शेवटचे घर मोक्षाचे. चढणे आणि घसरणे हा येथे केवळ खेळाचा नियम नाही. तोच खेळाचा अर्थ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा पट इंग्लंडला गेला. तेथे आरंभी त्यावर ख्रिस्ती नीतीची नावे आली, पुढे तीही गळाली, आणि साप-शिडीचा निव्वळ पोरखेळ उरला. मोक्षपटातून जे हरपले ते चित्र नव्हे. साप आणि शिडी आजही आहेतच. हरपला तो नियमाचा अर्थ.

ही दोन टोके लक्षात ठेवून आजच्या खेळांकडे वळू. 'एज ऑफ एम्पायर्स' मालिकेतील दुसरा खेळ १९९९ सालचा. खेळाडूने एक समाज निवडावयाचा, लाकूड, धान्य, सोने व दगड जमवावयाचे, वसाहत वाढवावयाची आणि शत्रूशी लढावयाचे, असे त्याचे स्वरूप. पंचवीस वर्षे उलटूनही तो जगभर हिरिरीने खेळला जातो. या खेळात पुढे भारताचा समावेश झाला तेव्हा सारा देश 'इंडियन्स' या एकाच नावाखाली मावला होता. २०२२ च्या विस्तारात त्या नावाचे 'हिंदुस्तानी' झाले आणि त्याच्या जोडीला बंगाली, गुर्जर व द्राविड असे तीन नवे समाज आले. द्राविडांच्या मोहिमेचा नायक राजेंद्र चोळ आहे. ज्याने अड्यारच्या शाळेत चोळांच्या आरमाराचा इतिहास वाचला, त्या मुलाला पडद्यावर तो राजा दिसणे ही साधी गोष्ट नाही. एका नावाचे चार होणे, हे प्रतिमेच्या पातळीवरचे मोठे पाऊल होते, यात शंका नाही.

पण डावपेच जाणणाऱ्या रसिकाने याच्या पुढचा प्रश्न विचारला. द्राविडांना कोणता नियम मिळाला? त्यांचे पायदळ व आरमार बळकट, मासेमारी किफायतशीर, एका युगातून दुसऱ्या युगात जाताना लाकडाची भेट, मात्र घोडदळ अगदी लंगडे, उत्तम घोडेस्वार त्यांना मिळतच नाहीत. सागरी सामर्थ्याचा इतिहास येथे नियमात उतरला आहे, ही रचनाकाराची जाण मान्य केली पाहिजे. परंतु चोळांच्या शिलालेखांत घोडेस्वारांच्या पथकांचे उल्लेख आहेत, आणि दक्षिणेच्या बंदरांत समुद्रमार्गे घोडे येत, हेही इतिहासाला ठाऊक आहे. मग दक्षिणेच्या माणसाला घोड्यावर बसता येत नाही, हा नियम कोठून आला? समाजासमाजांत भेद असल्याशिवाय डावाला रंगत येत नाही, हे रचनाकाराचे उत्तर असू शकते, आणि खेळाच्या दृष्टीने ते खोटे नाही. तथापि एका समाजाविषयीचा ठोकळेबाज समज चित्रात असला तर तो डोळ्यांना खुपतो. नियमात असला तर तो स्वभावसिद्ध वाटू लागतो. शंभर डाव खेळलेल्या मुलाच्या हाताला तो समज वळण लावतो. 'द्राविड' हे भाषाकुलाचे आणि राजकीय अस्मितेचे नाव एका लढाऊ समाजाला देणे योग्य काय, हा प्रश्न आणखी निराळा.

मुंबईचेही असेच एक उदाहरण आहे. 'हिटमॅन' मालिकेतील २०१८ च्या खेळात मुंबईचे एक मोठे दालन आहे. गल्ल्या आहेत, अर्धवट बांधलेला मनोरा आहे, गर्दी आहे. खेळाडू परका मारेकरी असतो, आणि गर्दीत शिरला की तो पहारेकऱ्यांच्या नजरेआड होतो, असा त्या खेळाचा नियम आहे. मुंबईची गर्दी तेथे हुबेहूब आहे. पण नियमाच्या भाषेत ती गर्दी म्हणजे आडोसा. ज्याने दादरच्या पुलावरची गर्दी अंगाने सोसली आहे, त्याला त्या गर्दीत माणसे भेटतात. त्या मारेकऱ्याला केवळ आच्छादन मिळते. चित्रण आहे, प्रतिनिधित्व नाही. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत, ही आपली सोयच म्हणावयाची. चित्रण दुसऱ्याने आपले करावे. प्रतिनिधित्वात आपला शब्द चालावा लागतो.

हा भेद सर्वांत स्पष्टपणे पुढे आला तो कॅनडातील एका प्रसंगात. 'सिव्हिलायझेशन' या प्रसिद्ध मालिकेच्या सहाव्या खेळात २०१८ साली क्री या मूलनिवासी राष्ट्राचा आणि त्याचा एकोणिसाव्या शतकातील नेता पाउंडमेकर याचा समावेश झाला. गौरव म्हणूनच तो झाला होता. पण पाउंडमेकर क्री राष्ट्राचे एक पुढारी मिल्टन टूटूसिस यांनी त्यास जाहीर हरकत घेतली. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की दुसऱ्यांची भूमी बळकावणे आणि त्यांना जिंकणे ही वसाहतवाल्यांची मूल्ये होती. या खेळाने तीच मूल्ये आमच्या पूर्वजांच्या हातून आचरावयास लावली. वेषभूषेत, संगीतात किंवा भाषेत चूक काढणारी ही हरकत नव्हती. भूमीवरील प्रत्येक रिकामे घर हे व्यापण्यासाठीच असते, हा जो खेळाचा पायाभूत नियम, त्यावर तिचा रोख होता. मोक्षपटाचा जो अर्थ प्रवासात हरपला, त्याच्या नेमके उलट येथे घडले : अर्थ न विचारता नियम अंगावर घातला गेला.

याच मालिकेत आपल्या देशाचेही एक विलक्षण उदाहरण आहे, आणि त्यात चाहत्यांचा हात किती दूर पोहोचतो हे दिसते. १९९१ च्या पहिल्या खेळात भारताचे नेतृत्व महात्मा गांधींकडे होते. पुढे चाहत्यांत अशी दंतकथा पसरली, की गांधींच्या आक्रमकतेचा आकडा मुळात अत्यल्प होता. लोकशाही स्वीकारताच तो शून्याच्या खाली घसरून संगणकाच्या गणितदोषामुळे एकदम पराकोटीला जाई आणि गांधी अणुबाँब टाकू लागत. या खेळाचे जनक सिड मायर यांनी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात असा दोष कधी नव्हताच, असे सांगून टाकले. मधल्या काळात मात्र २०१० च्या पाचव्या खेळात रचनाकारांनी गांधींचा अण्वस्त्रांकडील कल मुद्दामच कमाल ठेवला होता. विनोद म्हणून हे खपून गेले. पण विनोदाचे बीज काय, हे पाहिले पाहिजे. अहिंसेने मिळविलेला विजय नोंदविण्यास त्या खेळाजवळ नियमच नव्हता. म्हणून गांधी तेथे केवळ चष्म्याची एक प्रतिमा होऊन राहिले, आणि त्या प्रतिमेच्या हाती अणुबाँब देणे ही गंमत ठरली. सत्याग्रह हाही एक डावपेच होता आणि त्याचे नियम अत्यंत काटेकोर होते, हे मिठाच्या सत्याग्रहाचा इतिहास वाचणाऱ्यास सांगावयास नको. ते नियम खेळात आणण्याचे त्या रचनाकारांना सुचले नाही.

आता चाहत्यांच्या दुसऱ्या बाजूकडे डोळेझाक करून चालणार नाही. २०१४ साली अमेरिकेत 'गेमरगेट' या नावाने जो गदारोळ उठला, त्यात व्हिडिओ खेळांची रचना करणाऱ्या व त्यांची चिकित्सा करणाऱ्या कित्येक स्त्रियांना धमक्या देण्यात आल्या, त्यांचा पिच्छा पुरविण्यात आला. त्या मोहिमेतील एक मुख्य सूर असा होता, की आम्हाला खेळ खेळू द्या, त्यात समाजकारण आणू नका. मराठी वाचकाला हा सूर ओळखीचा वाटेल. कलेला कला म्हणून पाहा, तीत दलितांचे, स्त्रियांचे, भटक्यांचे प्रश्न आणू नका, असे आपल्याकडेही म्हटले गेले होते. पण ज्याला ही रचना तटस्थ वाटते, तिचे नियम त्याच्याच मापाने बेतलेले असतात; म्हणून ते त्याला जाणवत नाहीत. अंगात नीट बसलेला सदरा कोणाला टोचतो? तो टोचतो ज्याच्या मापाचा नाही त्याला. डावपेच आणि प्रतिनिधित्व यांची फारकत मागणारा चाहता आपल्याच जाणकारीचा अर्धा भाग नाकारतो. नियम इतक्या बारकाईने वाचणाऱ्याने ते कोणाच्या दृष्टीने लिहिले आहेत, एवढे वाचण्यास काय हरकत आहे?

एखाद्या अल्पसंख्य समाजाचे जीवन नियमातच उतरले म्हणजे काय होते, हे पाहण्यास पुन्हा तमिळ भाषेकडे यावे लागते. २०२३ च्या जुलैअखेरीस टोरांटो येथील 'विसाई गेम्स' या छोट्या संस्थेने 'वेण्बा' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. 'वेण्बा' हे तमिळ काव्यातील एका प्राचीन छंदाचे नाव. 'तिरुक्कुरळ'ची द्विपदी याच छंदाच्या लघुप्रकारात रचलेली आहे. खेळात हे नाव एका स्त्रीचे आहे. १९८० नंतरच्या दशकात ती नवऱ्यासह भारतातून कॅनडात येते. नवऱ्याचे नाव पावलन, म्हणजे कवी. त्यांना कविन नावाचा मुलगा होतो. मुलगा इंग्रजीत वाढतो, तमिळला बुजतो, आणि आईच्या डब्यापासूनही दूर जातो. कथा एवढीच. अशी कथा परदेशस्थ भारतीयांच्या कादंबऱ्यांत आपण अनेकदा वाचली आहे. या खेळाचे वैशिष्ट्य त्याच्या नियमात आहे.

वेण्बाजवळ तिच्या आईची पाककृतींची वही आहे. प्रवासात ती खराब झाली आहे. शाई पसरली आहे, पाने फाटली आहेत, मधल्या पायऱ्या पुसल्या गेल्या आहेत. खेळाडूने ते गाळलेले भाग हाताने करून शोधावयाचे. इडलीपात्राच्या थाळ्या कशा रचल्या म्हणजे वाफेला वाट मिळेल, पुट्टूच्या नळीत पीठ आणि खोबरे कोणत्या क्रमाने भरावे, असे प्रश्न समोर येतात, आणि उरलेल्या खुणांवरून उत्तर काढावे लागते. चुकले तर शिक्षा नाही. पदार्थ बिघडतो, पुन्हा करावयाचा. शत्रू नाही, गुण नाहीत, घड्याळ नाही.

अड्यारमध्ये राहणाऱ्याला या नियमाची ओळख तत्काळ पटते. अड्यार नदीच्या दक्षिण तीरावर थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारात १८८६ साली स्थापन झालेले अड्यार ग्रंथालय आहे. तेथे हजारो हस्तलिखिते जपलेली आहेत. जवळच बेझंटनगरात उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांच्या नावाचे, १९४३ साली स्थापन झालेले ग्रंथालय आहे. अय्यर गावोगाव हिंडले, कसर लागलेल्या ताडपत्रांतून प्राचीन तमिळ काव्ये त्यांनी वाचली, पाठांची तुलना केली, गळालेल्या जागा संदर्भाने भरल्या, आणि १८८७ पासून ती काव्ये एकामागून एक छापली. तमिळ भाषेला तिचे प्राचीन वाङ्मय परत मिळाले ते या परिश्रमाने. 'वेण्बा'चा खेळाडू स्वयंपाकघरात जे करतो ते याच जातीचे काम आहे : त्रुटित संहितेचे पाठशोधन. फरक इतका, की येथील संहिता एका गृहिणीची आहे, आणि पाठ बरोबर आहे की नाही याचा निर्णय वाफ आणि तेल देतात. आईची वही हे वाङ्मय मानले जात नव्हते. या खेळाने तिला संहितेचा मान दिला, आणि तोही उपदेश न करता, केवळ नियमाने.

प्रतिनिधित्व म्हणजे काय याचे उत्तर मला येथे मिळते. तमिळ न जाणणारा खेळाडू या खेळात वेण्बाला पाहून हळहळत बसत नाही. तिच्या हाताने विचार करावयास शिकतो. तिचे ज्ञान वापरल्यावाचून त्याला पुढे सरकता येत नाही. एरवी नव्या देशात जे ज्ञान निरुपयोगी समजले जाते, मुलालाही ज्याची लाज वाटते, तेच येथे जिंकण्याचे एकमेव साधन आहे. अल्पसंख्य माणसाला याहून अधिक काय हवे असते? आपले रूप दुसऱ्याच्या पटावर दिसावे, एवढेच त्याचे मागणे नसते. आपले जाणणे कोठेतरी चालावे, हे त्याचे मागणे असते. २०२४ साली 'इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हल'चा सर्वोच्च पुरस्कार आणि ब्रिटिश अकादमीचा पदार्पणाचा पुरस्कार या छोट्या खेळास मिळाले. काही डावपेचप्रिय चाहत्यांनी मात्र हा फार लहान, फार सोपा, याला खेळ म्हणावे काय, असा प्रश्न केला. चार ओळींच्या कवितेला काव्य म्हणावे काय, असे विचारण्यासारखेच ते आहे. लांबी आणि काठिण्य हे महत्त्वाचे निकष असले, तरी नियम आणि आशय एकजीव झाले आहेत काय, हा निकष त्यांच्या आधीचा आहे.

महाराष्ट्रात या दृष्टीने काय झाले आहे? पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेने २०२० साली 'राजी : अॅन एन्शन्ट एपिक' हा खेळ प्रसिद्ध केला. २०१७ मधील लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरीही त्यांनी काम तडीस नेले, आणि त्या वर्षीच्या 'गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याचे नामांकन झाले. राजी ही फिरत्या खेळमंडळीत वाढलेली पोर. महाबलासुर तिच्या धाकट्या भावाला पळवून नेतो आणि ती त्याच्या शोधास निघते. राजस्थानी वास्तू, पहाडी चित्रशैली आणि छायाबाहुल्या यांतून त्याचे जग उभे केले आहे. परंतु मला महत्त्वाचे वाटते ते राजीचे लढणे. भिंतीवर धावणे, खांबाभोवती गिरकी घेणे, उंचावरून तोल सांभाळून उतरणे, हे तिचे कसब तिच्या पोट भरण्याच्या धंद्यातून आलेले आहे. आपण ज्याला डोंबाऱ्याचा खेळ म्हणतो, त्याच खेळाचे येथे युद्धकौशल्य झाले. रस्त्यावर ज्या कसबाला लोक नाणे टाकून पुढे जातात, ते येथे नियम झाले आहे.

तरीही येथे काही उणे राहते. मराठीत लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले, किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ साली. त्या आत्मकथनांनी आम्हाला शिकविले, की भटक्याच्या अंगी कसब असते तसे त्याच्यामागे गावाचे डोळे असतात, वेशीबाहेरचा मुक्काम असतो, शाळेच्या दाराशी अडलेले पाऊल असते. राजीच्या जगात असुर आहेत, गाव नाही. कसब नियमात आले. ज्या समाजाने ते कसब पायाखाली ठेवले, तो नियमात आला नाही. पुण्यात घडलेल्या या खेळात आरंभी इंग्रजी बोलली जात होती, नंतरच्या वाढीव आवृत्तीत हिंदी आली. व्यापाराचे गणित मला समजते; रचनाकारांस दोष देण्याचाही हेतू नाही. पण ज्या भाषेत डोंबाऱ्याचा खेळ हा शब्दप्रयोग रूढ आहे, त्या भाषेला आपल्याच गावात तयार झालेल्या पटावर जागा मिळाली नाही, याची नोंद मराठी समीक्षेने केली पाहिजे.

अल्पसंख्यत्व हा माणसाचा गुणधर्म नाही. ते स्थळावर ठरते. टोरांटोत अल्पसंख्य असलेली तमिळ भाषा चेन्नईत राजभाषा आहे. आणि त्याच चेन्नईत तंजावरी मराठी बोलणारी जुनी घराणी आहेत, ज्यांचे पूर्वज भोसल्यांच्या राज्याबरोबर या मुलखात स्थिरावले. १८५५ साली ते राज्य गेले. भाषा घरात उरली, आणि पिढीगणिक तिच्या वहीतील शाईही पसरत आहे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळचे 'शरभेंद्र पाकशास्त्र' आहे. त्या दरबारच्या मुदपाकखान्यातील कृती त्यात मराठीत लिहिलेल्या आहेत. म्हणजे मराठी माणसाजवळही परमुलखात लिहिलेली पाककृतींची वही आहे. तिच्यातील तमिळ शब्द, मराठी क्रियापदे आणि दोन्ही मुलखांचे मसाले यांवरून एखादा खेळ रचला जाईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण तो रचला जावयाचा असेल तर भरजरी पागोटी आणि किल्ल्याचे बुरूज रंगवून भागणार नाही. त्या घरातील बोलण्याचा, रांधण्याचा, दोन भाषांत एकाच वेळी हिशेब करण्याचा जो रिवाज, तो नियम व्हावा लागेल.

समीक्षकाने या नव्या माध्यमाकडे जाताना तीन साधे प्रश्न बरोबर न्यावेत, एवढेच सुचवावयाचे आहे. या खेळात खेळाडूला काय करता येते? काय करता येत नाही? आणि हरणे म्हणजे काय? वेष, वास्तू आणि संगीत यांचा विचार या प्रश्नांनंतर करावा. ही उत्तरे आज आपल्यापेक्षा त्या क्षेत्राच्या चाहत्यांजवळ अधिक आहेत. तासन्तास पटावर घालवून त्यांनी ती मिळविली आहेत. त्यांना उडाणटप्पू म्हणून बाजूला सारण्यात आपलेच नुकसान होईल. त्यांनीही आपली जाणकारी नुसत्या जिंकण्यापुरती न ठेवता, हा नियम कोणासाठी व कोणाविरुद्ध लिहिला आहे, येथवर न्यावी. तसे झाले तर 'रसिगर' आणि 'रसिक' यांच्यातील अंतर, निदान या एका क्षेत्रात, पुष्कळसे कमी होईल.